उसातली झुंज रंगवताना: माणूस आणि बिबट्याच्या संघर्षाचे वास्तववादी तैलचित्र

माणूस आणि हिंस्र प्राणी यांच्या झुंजीची बहुतेक चित्रे एकाच ठिकाणी फसतात. प्राण्याचा जबडा पूर्ण उघडलेला असतो, पंजा हवेत असतो, माणसाचे डोळे विस्फारलेले असतात, आणि तरीही पाहणाऱ्याला त्या दोन देहांमध्ये काही घडते आहे असे वाटत नाही. याचे कारण असे की चित्रकाराने भीती रंगवलेली असते, भार रंगवलेला नसतो. जुन्नर भागात बिबट्याच्या हल्ल्यातून वाचलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याशी काही वर्षांपूर्वी माझे बोलणे झाले. बिबट्याचे दात कसे दिसले, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होतो, आणि त्यांना दात आठवतच नव्हते. त्यांना आठवत होते ते हातावर अचानक आलेले ओझे, पायाखालून सरकलेला चिखल आणि घोंगडीला बसलेला हिसका. त्या दिवसापासून मी या विषयाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. पुढे दिलेली पद्धत त्याच नजरेतून घडलेली आहे. तैलरंगाची प्राथमिक ओळख असलेला, मानवाकृतीचे रेखाटन बऱ्यापैकी जमणारा वाचक समोर ठेवून मी हे लिहीत आहे.

प्रसंग आणि क्षण निवडणे

प्रसंग आपल्या परिचयाचा निवडावा. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत ऊस वाढला तसा बिबट्याही उसात राहू लागला. उंच, दाट आणि पाण्याजवळचे हे पीक त्याला वर्षातले बरेच महिने आडोसा देते, आणि माद्या उसातच पिल्ले देतात. दुसरीकडे शेतीपंपाला वीज अनेकदा रात्री मिळते, त्यामुळे शेतकऱ्याला थंडीच्या दिवसांतही अंगावर घोंगडी घेऊन, हातात फावडे आणि बॅटरी धरून दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावे लागते. माणूस आणि बिबट्या समोरासमोर येण्याची ही एक खरी परिस्थिती आहे, आणि या लेखात आपण तीच रंगवणार आहोत. रात्रीची वेळ आहे, सरीत पाणी वाहते आहे, बॅटरी हातातून निसटून बांधावर पडली आहे, शेतकऱ्याने डाव्या हाताला गुंडाळलेली घोंगडी पुढे केली आहे आणि बिबट्याने तोच हात धरला आहे.

क्षण कोणता घ्यायचा, याचा निर्णय रेखाटनाला बसण्याआधी व्हायला हवा. झेप घेण्याआधीचा क्षण घेतला तर चित्रात ताण येतो, पण संघर्ष येत नाही. सगळे संपल्यानंतरचा क्षण घेतला तर शोकचित्र तयार होते. माझ्या मते सर्वांत कठीण आणि सर्वांत फलदायी क्षण म्हणजे दोन देहांचा स्पर्श होऊन गेलेला आहे, भार एकाचा दुसऱ्यावर आला आहे आणि कोण तोल सांभाळणार हे अजून ठरलेले नाही.

एक जुने चित्र, त्याची ताकद आणि त्याची चूक

काम सुरू करण्याआधी जॉन सिंगलटन कोपली या चित्रकाराचे ‘वॉटसन अँड द शार्क’ हे चित्र मोठ्या प्रतिमेत शांतपणे पाहावे. कोपली मूळचा अमेरिकेतल्या बॉस्टनचा, पुढे लंडनमध्ये स्थायिक झालेला. १७४९ साली हवाना बंदरात पोहत असताना चौदा वर्षांच्या ब्रुक वॉटसनवर शार्कने हल्ला केला. सोबत्यांनी त्याला वाचवले, पण त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. हाच वॉटसन १७९६ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला. कोपलीने ही घटना १७७८ मध्ये रंगवून लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडली. ते चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. त्याची रुंदी सुमारे २३० सेंटिमीटर आणि उंची सुमारे १८२ सेंटिमीटर आहे.

या चित्रात शिकण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे अंतर. होडीतून वाकलेल्या दोन खलाशांचे हात मुलापर्यंत पोहोचत आलेले आहेत, पण पोहोचलेले नाहीत, आणि सगळे चित्र त्या वीतभर मोकळ्या जागेवर तोललेले आहे. दुसरी म्हणजे रचना. होडीतली माणसे मिळून एक त्रिकोण तयार होतो, होडीच्या टोकावर उभ्या असलेल्या माणसाचा भाला त्या त्रिकोणातून तिरका खाली शार्ककडे येतो, आणि आपली नजर त्या भाल्यावरून घसरत पाण्यापर्यंत जाते. तिसरी म्हणजे संयम. एवढ्या भीषण घटनेत रक्त जवळपास नाही, पाण्यात फक्त एक लालसर छटा आहे.

मात्र शार्क चुकली आहे. तिला ओठ आहेत, तिचे डोळे माणसासारखे पुढे पाहतात, तिच्या नाकपुड्यांतून श्वास बाहेर पडल्यासारखा दिसतो. कोपली हवानाला गेलेला नव्हता, आणि जिवंत शार्क त्याने जवळून पाहिलेली नसावी असे त्या डोक्याकडे पाहून वाटते. माणसांचे चेहरे, ओले केस, पाण्याचा हिरवट रंग यांत इतका पारंगत असलेला चित्रकार प्राण्यापाशी ऐकीव माहितीवर गेला आणि आजचा पाहणारा नेमका तिथे अडखळतो. म्हणून या मार्गदर्शकात सर्वांत जास्त वेळ आपण प्राण्याच्या अभ्यासाला देणार आहोत.

बिबट्याचा अभ्यास

किमान तीन ते चार आठवडे फक्त यासाठी ठेवावेत. पुण्यातले कात्रजचे प्राणिसंग्रहालय किंवा मुंबईतली राणीची बाग यांसारख्या ठिकाणी सकाळी लवकर जावे, कारण दुपारी प्राणी झोपलेले असतात. सोबत मोठी वही आणि जाड कोळसा किंवा कॉन्टे (रेखाटनाची रंगीत खडूसारखी कांडी) घ्यावा. बारीक पेन्सिल नेऊ नये, कारण ती आपल्याला ठिपक्यांच्या मागे लावते. पहिल्या दोन भेटींत एकही ठिपका काढू नये. फक्त पाठीच्या कण्याची रेषा, फऱ्यांची (खांद्याच्या चपट्या हाडांची) जागा, कमरेचा उतार आणि शेपटीचे मूळ एवढेच तीस-तीस सेकंदांच्या रेखाटनांत पकडावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्ग-विभागात पेंढा भरलेले प्राणी आहेत. तिथे प्राणी हलत नसल्यामुळे प्रमाणे मोजता येतात. पण जिवंतपणा तिथून घेऊ नये.

मार्जारकुळातल्या प्राण्यांची खांद्याची रचना समजली की अर्धे काम होते. माणसाच्या खांद्याला पुढून गळपट्टीच्या हाडाचा आधार असतो. बिबट्यात हे हाड अगदी छोटे असते आणि सांगाड्याला घट्ट जोडलेले नसते. त्याचे फरे स्नायूंमध्येच जणू टांगलेले असतात. त्यामुळे तो पुढचे दोन्ही पाय माणसावर टाकतो तेव्हा फरे पाठीच्या रेषेच्या वर उचलले जातात आणि मान त्यांच्यामध्ये बुडाल्यासारखी दिसते. नवशिका चित्रकार नेमके उलटे करतो. तो माणसासारखे रुंद खांदे काढतो आणि बिबट्याला कातडे पांघरलेल्या पैलवानाचे रूप येते.

आता आकार. प्रौढ नर बिबट्याचे वजन साधारण ५० ते ७० किलोंच्या घरात असते, मादी त्याहून बरीच हलकी असते. धडाची लांबी डोक्यासह सव्वा मीटरच्या आसपास धरावी, खांद्यापाशी उंची ६० सेंटिमीटरच्या जवळपास, आणि शेपूट पाऊण मीटरच्या पुढे. समजा चित्रातला माणूस १६५ सेंटिमीटर उंचीचा आहे आणि सरळ उभा राहिला असता तर कॅनव्हासवर तो ६० सेंटिमीटर भरला असता. मग बिबट्याचे धड ४५ सेंटिमीटरचे, खांद्याची उंची २२ सेंटिमीटरची आणि शेपूट २७ ते ३० सेंटिमीटरचे काढावे. हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत, कारण हात आपोआप प्राणी मोठा करत जातो. माझ्या पहिल्या प्रयत्नात बिबट्या माणसाएवढा झाला होता, आणि गावातल्या ज्या माणसाला मी ते दाखवले त्याने क्षणभर पाहून हा वाघ आहे असे सांगितले. प्राणिसंग्रहालयातला बिबट्या बहुतेक वेळा स्थूल असतो, पोट लोंबते, हालचाल मंद असते. उसातला बिबट्या सडपातळ असतो आणि त्याच्या कमरेपाशी खोल घळ दिसते. रेखाटनांवरून चित्र करताना ही दुरुस्ती आठवणीने करावी.

चेहऱ्याबाबत एक महत्त्वाची गोष्ट. ज्या तोंडाने काही घट्ट धरलेले आहे त्या तोंडातले दात दिसत नाहीत. दिसतात त्या नाकावर पडलेल्या वळ्या, वर ओढला गेलेला ओठ, पुढे वळलेल्या मिशा आणि मागे चपटे केलेले कान. कानांच्या मागच्या बाजूला काळ्यावर पांढरा डाग असतो, आणि कान मागे पडले की तोच डाग बाजूने डोकावतो. हा एक डाग नीट पडला तर चेहरा खरा वाटतो. बाहुली गोल काढावी. घरच्या मांजरीसारखी उभी चीर बिबट्याच्या डोळ्यात नसते, आणि अंधारात ती बाहुली मोठी झालेली असते.

अभ्यासासाठी कातडे, नख्या किंवा दात मिळवण्याच्या नादी कोणी लागू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बिबट्याला सर्वोच्च संरक्षण आहे आणि असे अवयव विकत घेणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. तसेच बिबट्या दिसल्याची बातमी ऐकून उसाच्या फडात फोटो काढायला जाऊ नये. त्यात आपल्या जिवाला धोका आहे, बिथरलेल्या प्राण्यामुळे गावकऱ्यांच्या जिवाला अधिक.

मॉडेलकडून खरा भार घेणे

माणसाच्या आकृतीसाठी घरातला किंवा ओळखीचा शेतकाम करणारा माणूस मिळाला तर उत्तम, कारण फावडे धरणारी बोटे वेगळीच असतात. त्याला नुसते लढल्यासारखे उभे राहायला सांगितले तर तो नाटकातल्यासारखा उभा राहतो. म्हणून भार खरा द्यावा. त्याच्या डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत घोंगडी गुंडाळावी, तिचे सुटे टोक दुसऱ्या माणसाच्या हातात द्यावे आणि त्याला गुडघ्यावर बसून खाली व पुढे ओढायला सांगावे. हिसका देऊ नये, ओढ एकसारखी ठेवावी. दोन मिनिटांतच मॉडेलचा उजवा खांदा वर जातो, मानेची शीर उभी राहते, पुढच्या पायाची बोटे जमीन पकडतात, मागची टाच उचलली जाते आणि तोंड उघडण्याऐवजी मिटले जाते. खरा जोर लावणारा माणूस बहुधा ओरडत नाही, तो श्वास धरतो. हे मी अनेकदा पाहिले आहे आणि त्यामुळे किंचाळणाऱ्या तोंडाचा मोह सोडला आहे. दर दोन मिनिटांनी मॉडेलला पाच मिनिटे विश्रांती द्यावी.

घोंगडीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण या चित्रात ती तिसरे पात्र आहे. घोंगडी जाड लोकरीची असते, तिला वळ्या थोड्या आणि बोजड पडतात, तर सुती सदऱ्याला बारीक आणि पुष्कळ पडतात. नख जिथे अडकते तिथून ताणाच्या रेषा पंख्यासारख्या निघतात. हे कळण्यासाठी घोंगडीत लोखंडी आकडी अडकवून ती ओढून धरावी आणि त्या एका जागेचे निरीक्षण करून अर्धा तास रेखाटन करावे. आकडीपाशी विण उघडी पडते, धागे एका दिशेला ओढले जातात, आणि थोड्या अंतरावर त्याच ताणाची सैल, गोलसर वळी तयार होते.

फोटो जरूर काढावेत, पण मोबाइल जवळ धरून काढू नयेत. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा हात अवाढव्य आणि मागचा पाय चिमुकला होतो. चार-पाच मीटर लांब उभे राहून, झूम वापरून काढलेला फोटो प्रमाणाच्या दृष्टीने विश्वासार्ह असतो.

रचना आणि खाका

वहीत आगपेटीएवढ्या चौकटी आखून किमान वीस रचना कराव्यात, आणि त्या फक्त काळा, राखाडी आणि पांढरा या तीन छटांत कराव्यात. चेहरे, ठिपके, पाने काहीही काढू नये. दोन देह मिळून एकच गडद-उजळ आकार होतो का, एवढेच पाहावे. माणूस एका बाजूला आणि बिबट्या दुसऱ्या बाजूला, मध्ये रिकामी जागा, अशी रचना झुंजीची राहत नाही. ती भेटीची होते.

मला साधलेली रचना अशी होती. माणूस उजवीकडे, मागे झुकलेला. बिबट्या डावीकडून, मागचे पाय सरीतल्या चिखलात, पुढचे दोन्ही पंजे माणसाच्या हातावर आणि छातीवर. फावड्याचा दांडा माणसाच्या उजव्या हातात, वरच्या कोपऱ्याकडे तिरका. बिबट्याच्या शेपटीपासून पाठ, मान, घोंगडीचा हात आणि माणसाचा खांदा अशी एक सलग वक्ररेषा निघते, आणि दांडा तिला छेद देतो.

खाका कॅनव्हासवर उतरवल्यानंतर ओळंब्याची परीक्षा घ्यावी. माणसाच्या गळ्याच्या खळगीतून सरळ खाली एक रेषा सोडावी. तटस्थपणे उभ्या माणसात ती दोन पावलांच्या मध्ये पडते. आपल्या चित्रात ती मागच्या टाचेच्याही बाहेर पडली पाहिजे, कारण हा माणूस ढकलला जात आहे आणि बिबट्याला धरूनच तो अजून उभा आहे. ही रेषा पावलांच्या आत पडली तर कितीही रंग लावले तरी दोघे फोटोसाठी उभे राहिल्यासारखे दिसतील. हीच परीक्षा बिबट्यालाही लावावी. त्याच्या धडाचा भार मागच्या पायांच्या पुढे असायला हवा.

प्रकाश

पडलेली बॅटरी हा एकमेव मुख्य प्रकाशस्रोत ठेवावा. खोलीत अंधार करून, एलईडी बॅटरी जमिनीवर आडवी ठेवून मॉडेलला तिच्यासमोर उभे करावे आणि पाहावे. पावले, पोटऱ्या आणि घोंगडीचा खालचा भाग प्रखर उजळतात, चेहऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर उजेड क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले की उजेड ढोबळमानाने चौथाईवर येतो. म्हणून या चित्रात सर्वांत उजळ जागा चेहरा नसून बिबट्याचे पोट, त्याचे मागचे पाय आणि सरीतले पाणी असते. सवयीने चेहरा उजळ करण्याची इच्छा होईल, ती टाळावी. हनुवटीची खालची बाजू, नाकपुड्या आणि भुवईच्या हाडाखालचा भाग उजळ राहतो आणि कपाळ अंधारात जाते. सावल्या वर, उसाच्या पानांवर पडतात.

बिबट्याचे डोळे चमकते हिरवे किंवा पिवळे करू नयेत. मांजराच्या जातीचे डोळे चमकताना दिसतात ते उजेड पाहणाऱ्याच्या डोळ्याजवळून जातो तेव्हा, कारण डोळ्यामागचा पडदा उजेड आल्या वाटेने परत पाठवतो. आपल्या चित्रात बॅटरी एका बाजूला पडली आहे आणि आपण समोरून पाहतो आहोत, त्यामुळे ती चमक आपल्यापर्यंत येणार नाही. डोळ्यात फक्त बॅटरीचा एक छोटा, पांढरा ठिपका, बुबुळाच्या खालच्या कडेला, एवढेच पुरे.

कॅनव्हास, पहिला थर आणि रंग

९० बाय १२० सेंटिमीटरचा कॅनव्हास या विषयाला पुरतो. त्यावर जेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या लेपाचे) तीन हात द्यावेत, प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासावे, आणि शेवटी रॉ अंबर व थोडा अल्ट्रामरीन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून मधल्या छटेचा करडा-तपकिरी हात फिरवावा. पांढऱ्या कॅनव्हासवर रात्र रंगवणे म्हणजे प्रत्येक छटा चुकीची दिसणे.

पॅलेट लहान ठेवावी. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, अलिझरिन क्रिमसन, सॅप ग्रीन आणि टायटॅनियम व्हाइट एवढ्यात संपूर्ण चित्र होते. पहिला थर फक्त रॉ अंबरमध्ये करावा. गडद भाग ब्रशने भरावा, उजेडाचे भाग चिंधीने पुसून काढावेत. अंबर लवकर वाळतो, म्हणून तो खालच्या थरासाठी योग्य आहे. आयव्हरी ब्लॅक सावकाश वाळतो, त्यामुळे तो खाली वापरला तर वरचे थर तडकण्याची भीती राहते. पुढे प्रत्येक थरात जवसाच्या तेलाचे प्रमाण थोडे वाढवत जावे. पातळावर स्निग्ध थर चढवावा, स्निग्धावर पातळ कधीच नाही. पावसाळ्यात दमट हवेमुळे वाळायला जास्त दिवस लागतात, तेव्हा घाई करू नये.

याच ठिकाणी एक इशारा द्यावासा वाटतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्यांच्या ढिगाऱ्यात ती साठून आपोआप आग लागू शकते. त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात टाकाव्यात.

थंड पांढऱ्या उजेडात बिबट्या पिवळाधमक दिसत नाही. उजेडातल्या अंगासाठी यलो ऑकर, पांढरा आणि अगदी किंचित अल्ट्रामरीन, मधल्या छटेसाठी ऑकरमध्ये रॉ अंबर, आणि सावलीसाठी बर्न्ट अंबर व अल्ट्रामरीन असे मिश्रण करावे. माणसाच्या सावळ्या त्वचेसाठी बर्न्ट सिएना, ऑकर आणि अल्ट्रामरीन पुरतात. सावलीत पांढरा मिसळू नये, त्वचा पिठूळ दिसते. घामाची चमक मात्र निळसर पांढरी येते.

ठिपके

आधी ठिपक्यांशिवायचा बिबट्या पूर्ण रंगवावा. ठिपके लावले नसतानाही स्नायू, वळण आणि भार पटत असेल तरच पुढे जावे. डोके, मान आणि पायांवर भरीव ठिपके असतात, पाठीवर आणि कुशीवर पाकळ्यांचे वलय असते आणि त्या वलयाच्या आतला रंग बाहेरच्या अंगापेक्षा थोडा गडद असतो. वलयाच्या मध्ये ठिपका टाकू नये, तो अमेरिकेतल्या जग्वारला असतो.

अंग वळते तसे ठिपकेही वळतात. हे समजून घेण्यासाठी एक जुना फिकट पायमोजा घ्यावा, त्यावर मार्करने वलये काढावीत, तो मुठीवर चढवून मनगट वाकवावे. वाकण्याच्या आतल्या बाजूला वलये चेपून रेघांसारखी होतात आणि एकमेकांत शिरतात, बाहेरच्या बाजूला ताणून विरळ होतात, आणि कडेला गेल्यावर अरुंद होऊन नाहीशी होतात. बिबट्याची कमान केलेली पाठ, दुमडलेली कूस आणि ताणलेला पुढचा पाय नेमके असेच वागतात. ठिपके शुद्ध काळे नसतात. उजेडात ते गरम तपकिरी, सावलीत निळसर काळे होतात. केस एकेक काढू नयेत. जिथे उजेड आणि अंधाराची कड भेटते आणि जिथे कातडीला वळी पडते, तिथेच चार-सहा केस सुटे दाखवले की उरलेले पाहणारा स्वतः पाहतो.

स्पर्शाच्या जागा

आता चित्राच्या प्राणापाशी आपण आलो. दोन देह जिथे जिथे एकमेकांना किंवा जमिनीला टेकतात त्या जागांची यादी करावी. जबडा आणि घोंगडी, डावा पंजा आणि छाती, उजवा पंजा आणि दंड, माणसाची टाच आणि चिखल, बिबट्याचे मागचे पाय आणि सरी, मूठ आणि दांडा. शेवटचे आठ-दहा दिवस फक्त या सहा जागांना द्यावेत आणि बाकीचे चित्र मोकळे, किंचित अस्पष्ट सोडावे.

पंजा छातीवर नुसता ठेवलेला नसावा. त्याच्या भोवती सदरा खेचला गेला पाहिजे, बटणांची पट्टी वाकडी झाली पाहिजे, दोन बटणांमध्ये फट पडली पाहिजे. पंजा दाबतो तिथे कडा अगदी गडद आणि धारदार ठेवावी, कारण दोन वस्तूंच्या मध्ये उजेड शिरत नाही. त्याच पंजाची वरची बाजू मात्र मऊ कडेने अंधारात विरू द्यावी. नख्या कातडीतून बाहेर आलेल्या असतात, पण कापडात रुतलेल्या असल्यामुळे दिसतात फक्त त्यांची मुळे. टाच चिखलात किमान दोन बोटे रुतलेली असावी, पावलासमोर मागे घसरल्याचा ओरखडा असावा आणि त्या ओरखड्यात पाणी भरू लागलेले असावे. माझ्याकडून हा ओरखडा पहिल्यांदा राहून गेला होता. तो रंगवल्याबरोबर वरच्या खांद्याला हात न लावताही सगळा माणूस मागे सरकल्यासारखा दिसू लागला.

रक्त अगदी कमी ठेवावे. काळ्या लोकरीवर रात्री रक्त लाल दिसतच नाही, दिसते ती ओलसर चकाकी. दंडावर एक-दोन ओरखडे अलिझरिन आणि बर्न्ट अंबरमध्ये, कडेला किंचित फुगलेल्या त्वचेसह, एवढे पुष्कळ झाले. लाल रंगाचा मोठा डाग पडला की पाहणाऱ्याची नजर तिथे अडकते आणि दोन देहांमधला ताण तिला दिसत नाही.

बिबट्याला खलनायक करू नये, असे मला मनापासून वाटते. त्याचे कान मागे आहेत, शेपूट तोल सांभाळते आहे, मागचा एक पाय घसरतो आहे. तोही अडचणीत सापडलेला आहे. पार्श्वभूमीत उसाच्या बुडाशी, पाचटात, एका पिल्लाच्या पाठीची पुसट कड ठेवावी की नाही, यावर मी बराच काळ विचार केला. शेवटी ठेवली, पण पाहणाऱ्याला ती तिसऱ्या-चौथ्या नजरेत सापडावी एवढीच अंधुक.

ऊस आणि शेवटचे हात

उसाचे पान तलवारीसारखे असते, मधली शीर पांढरट असते आणि पान टोकाकडे आपल्याच वजनाने वाकते. बुडाशी वाळलेले पाचट असते. बॅटरीच्या टप्प्यातली आठ-दहा पानेच नीट रंगवावीत, मागचा ऊस उभ्या, गडद, एकमेकांत मिसळलेल्या हातांनी सुचवावा. पानांची टोके शक्यतो माणसाच्या झुकण्याच्या विरुद्ध दिशेने जावीत, म्हणजे त्याचे मागे जाणे अधिक जाणवते. सरीतल्या पाण्यात बॅटरीचा उजेड तुटक रेषांत उतरवावा आणि बिबट्याच्या पायापाशी त्या रेषा विस्कळीत कराव्यात.

चित्र पूर्ण वाटले की दोन आठवडे भिंतीकडे तोंड करून ठेवावे. नंतर ते आरशात पाहावे. उलट्या प्रतिमेत प्रमाणाची चूक, विशेषतः मोठे झालेले डोके आणि आखूड झालेला पुढचा पाय, लगेच लक्षात येते. दुरुस्त्या झाल्यावर चित्र हवेशीर, धूळ नसलेल्या जागी वाळू द्यावे. व्हार्निशसाठी किमान सहा महिने थांबावे, जाड रंगाच्या जागा असतील तर वर्षभर. कॅनव्हासच्या कडेला, चौकटीत झाकल्या जाणाऱ्या एखाद्या गडद जागी, टर्पेंटाइनमध्ये हलकेच भिजवलेला कापसाचा बोळा फिरवून पाहावा. बोळ्यावर रंग आला तर आणखी दोन महिने थांबावे. बोळा स्वच्छ राहिला तर कोरड्या दिवशी, चित्र आडवे ठेवून रुंद मऊ ब्रशने मॅट व्हार्निशचा एकच पातळ हात द्यावा. चकचकीत व्हार्निश या चित्रावर टाळावे, कारण उसाचा अंधार निम्म्याहून अधिक कॅनव्हास व्यापतो आणि त्या अंधारात समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब दिसू लागते.